दोन खटके जास्त

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही वही मालकांनी दिली. म्हणाले, "काका, महिनाभर रोज ऐका आणि जे ऐकू येईल ते यात लिहून ठेवा." चौतीस वर्षं मी दुकानाच्या मागच्या ऐकण्याच्या खोलीत बसतोय, मला आजवर वही लागली नाही. पण थोरले मालक गेल्यापासून हे धाकटे जरा धास्तावलेलेच असतात. नाही म्हणवेना.

गोष्ट अशी की समोरच्या बाजूला एक दुकान आलंय. तिथे बुटांच्या खोक्याएवढे स्पीकर मिळतात. लोक आमच्याकडे येतात, आमच्या खुर्चीत बसून आमचे माणसाच्या उंचीचे स्पीकर तासभर ऐकतात, वर चहा पितात, आणि जाऊन समोरून खोकं उचलतात. आमच्या एका जोडीच्या किमतीत तसली तीस खोकी येतील. म्हणून मालकांनी डोकं चालवलं: पडदा लावायचा. मागे आमची मोठी जोडी आणि त्यांची खोकी. समोर पंचवीस गिऱ्हाइकं. दहा रेकॉर्ड वाजवायच्या आणि दर वेळी कुठली जोडी वाजतेय ते कार्डावर लिहायचं. पहिली खुर्ची माझी. मी ओळखलं की लोकांचा विश्वास बसेल.

"आणि नाही ओळखलं तर?" सोल्डरने विचारलं. सोल्डर म्हणजे आमची दुरुस्ती बघणारी बाई. दिवसभर तारांना सोल्डर लावत बसते म्हणून नाव पडलं, आता तिच्या घरचेही तेच म्हणतात.

मालक म्हणाले, "मग ऐकण्याची खोली बंद. गालिचा काढायचा आणि मोबाइलची कव्हरं लावायची."

२ मार्च, रविवार ठरला. दहापैकी नऊ आले तरी चालेल म्हणे. मी म्हटलं, नऊ कशाला?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पहिली नोंद. मोठी जोडी. खालचा आवाज झकास, पोटात बसतो. मधला ठीक. वरची धार मात्र बोथट झालीय. ड्रमच्या थाळ्या पूर्वी काचेवर टाचणी पडावी तशा वाजायच्या, आता वाजतात की नाही असा संशय येतो. दमट हवेने आतला कागद मऊ पडला असणार.

सोल्डरला उघडायला लावलं. तिने उघडलं, पुसलं, परत बसवलं. प्रत्येक स्क्रू आवळून झाला की ती त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका देते. मागाहून कुणी हात लावला तर ठिपका फुटतो आणि चोर सापडतो. नखांना कधी लावलेलं बघितलं नाही, स्क्रूंना मात्र न चुकता. मी म्हटलं, स्क्रू आता लग्नाचे झाले वाटतं. हसली नाही.

"काका, याला काही झालेलं नाही," म्हणाली.

हात सोन्याचे आहेत बाईचे. कान असते तर काय हवं होतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

घरी बायकोशी वाजलं. ही दूध आणायला खाली गेली आणि किल्ली विसरली. दहा मिनिटं म्हणे घंटी दाबत दारात उभी. मी इथे आतल्या खोलीत पेपर वाचतोय. मी म्हटलं, अगं, स्वस्तातली घंटी, तिच्यात जीव कुठून येणार. सेल बदलले, तरी मेली ती मेलीच. मग सरळ बाजारात जाऊन चांगली दणकट घंटी आणली, ढण्ण करून घुमणारी. न्हाणीघरातसुद्धा ऐकू येते. पैसे टाकले की फरक पडतो, हे मी हिला किती वर्षं सांगतोय.

त्यावर ही ओट्याकडे तोंड करून काहीतरी म्हणाली. हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायची खोड लागलीय तिला. एके काळी खालच्या मजल्यावरून हाक मारली की वरच्या मजल्यावरची माणसं ओ द्यायची. वय होतं माणसाचं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

वरच्या धारेवर उपाय सापडला. ट्रेबल चार घरं चढवला. जिवात जीव आला, थाळ्या पुन्हा दिसायला लागल्या. (कानाने दिसतात. ज्याला कळतं त्याला कळतं.)

दुपारी एक बाई नवऱ्यासाठी म्हणून बघायला आल्या होत्या. दोन मिनिटांत उठल्या. म्हणाल्या, "दात आंबले हो." मी समजावलं की स्वस्त आवाजाची सवय असली की चांगला आवाज सुरुवातीला टोचतो. मान डोलावली आणि गेल्या. सोल्डर काचेपलीकडून माझ्याकडे बघत होती. नंतर बघतो तर ट्रेबल परत होता तिथे. मी पुन्हा चढवला.

रविवार, १६ फेब्रुवारी

लेक आणि जावई जेवायला. जावई बरा माणूस, स्पष्ट बोलतो, घुमारदार आवाज आहे. लेक आईवर गेली, गिळून गिळून बोलते. जेवताना दोघी मायलेकी काहीतरी कुजबुजत होत्या. मी विचारलं काय चाललंय, तर लेक म्हणाली, "काही नाही बाबा." मग जावयाने विषय काढला की त्याच्या ओळखीच्या एकाने कान तपासून घेतले, साठीनंतर सगळ्यांनीच घ्यावेत. मी म्हटलं, अरे, मला काय सांगतोस, कानावर पोट आहे माझं. ही उठून ताटं उचलायला लागली.

शेजाऱ्यांनी गॅलरीतले पक्षी विकले वाटतं. पहाटेपासून कलकलाट असायचा, आता शांत. बरं झालं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज सोल्डरने माझा अपमान केला.

सरावाला बसलो होतो. मी स्वतःच बटण फिरवून एकदा मोठी जोडी, एकदा खोकी, असं डोळे मिटून ऐकत होतो. दहापैकी दहा. ती आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही मोठी जोडी लावताना आवाज दोन खटके वर नेता."

मी म्हटलं, नेतो. थोरल्या मालकांनीच शिकवलं होतं. मोठ्या स्पीकरला श्वास लागतो, दोन खटके जास्त दिले की तो मोकळा होतो. गिऱ्हाइकाला फरक पटतो.

"तो फरक स्पीकरचा नाही, खटक्यांचा आहे. जरा मोठं वाजलं की सगळ्यांनाच चांगलं वाटतं. त्या रविवारच्या आधी मीटर लावून दोन्हींचा आवाज अगदी सारखा करणार आहे मी, नाहीतर पडद्याला अर्थ नाही."

चौतीस वर्षं मी काय फसवणूक केली? मनात हेच येतंय सकाळपासून. दोन खटके म्हणजे काय, जेवणात चिमूटभर मीठ. मीठ घालणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही. पण मग मीठ न घालता एकदा चाखून का नाही बघितलं आपण, हेही येतंय. येऊ दे. जाईल.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

मीटर लावून सराव. सोल्डर पडद्यामागे, मी खुर्चीत. वीस वेळा. नऊ बरोबर.

नाणं उडवलं असतं तरी दहा आले असते. मीटर स्वस्तातला आहे. मालकांना सांगितलं, चांगला मागवा. ते म्हणाले, "काका, पाच दिवस राहिले." मग म्हणाले, "दुसऱ्या कुणाला बसवू का पहिल्या खुर्चीत? तुम्ही नुसतं बोला लोकांशी."

मी काय बोललो ते लिहीत नाही. मालक "बरं बरं" म्हणाले आणि पाणी आणायला गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी बघितलं नसावं.

शनिवार, १ मार्च

ब्रह्मास्त्र काढलं. दहा रेकॉर्ड मी निवडायच्या, क्रम सोल्डरचा, असं ठरलंय. नऊ दिल्या होत्या. दहावी आज घरून नेली. तिच्या सुरुवातीला पाऊण मिनिट फक्त बारीक घंट्या आहेत, बोटाच्या पेराएवढ्या. दुसरं काही नाही. मग हळूच व्हायोलिन येतं. या घंट्या खोक्यातून पत्र्यासारख्या येणार, आपल्या जोडीतून दवासारख्या. आंधळ्यालाही कळेल. सरावाची गरज नाही, ती रेकॉर्ड मला पाठ आहे. नव्या लग्नात आम्ही दोघं ऐकायचो. ही म्हणायची, हे ऐकलं की हाताला मुंग्या येतात.

आज तिला म्हटलं, आठवतं का. ती म्हणाली, "..." काय म्हणाली ते नीट कळलं नाही, पण हसली. तिलाही उद्या बोलावलंय मालकांनी, एक खुर्ची रिकामी आहे म्हणून. मी म्हटलं, अगं, तू स्वयंपाकघरात तो रबरबँड लावलेला रेडिओ ऐकणारी, तू काय ओळखणार. तरी ये.

रविवार, २ मार्च. संध्याकाळ

झालं एकदाचं.

खोली भरली होती. पहिल्या खुर्चीत मी, मागे लोक, शेवटच्या रांगेत ही, मांडीवर कार्ड आणि पेन्सिल. पडद्यामागे सोल्डर. पहिल्या सहा बऱ्या गेल्या. मी ठामपणे लिहीत गेलो. लोक माझ्या पेन्सिलीकडे बघत होते, ते कळत होतं.

सातव्याला घोळ झाला. सगळे स्तब्ध, मी डोळे मिटून वाट बघतोय, पण काही वाजेचना. वीसेक सेकंद थांबलो. मग हात वर करून म्हटलं, "सुरू करा ना बाई, लोक खोळंबलेत."

मी डोळे उघडून मागे बघितलं. सगळे माझ्याकडे बघत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसायला घेतला. ही खाली कार्डाकडे बघत होती. मालकांचं तोंड पांढरं पडलं होतं. बाईची चूक आणि बघतात माझ्याकडे, असा राग आला मला.

तेवढ्यात सोल्डर पडद्याबाहेर आली. म्हणाली, "माफ करा. वायर निघाली होती. हिच्याऐवजी दुसरी घेते."

पुढे घंट्या आल्याच नाहीत, म्हणजे माझी तीच रेकॉर्ड बाद झाली. तिच्या बदल्यात लावलेली आणि पुढच्या तीन कशाबशा गेल्या. निकाल मोजायचाय म्हणाले, मला घरी पाठवलं. वाटेत ही माझा हात धरून चालत होती. रस्ता ओलांडतानाही सोडला नाही. लहान मूल आहे का मी?

मंगळवार, ४ मार्च

निकाल: पंचवीस माणसं, अडीचशे उत्तरं, एकशे एकतीस बरोबर. म्हणजे निम्म्याला निम्मं. लोक हसत हसत गेले म्हणे आणि चौघांनी त्याच दिवशी समोरून खोकी घेतली. खोली महिनाअखेर बंद.

माझं कार्ड मागितलं तर मालक म्हणाले गहाळ झालं. कार्डं म्हणे सोल्डरने ठेवली होती. ती म्हणाली मालकांनी.

वायर निघाली नसती तर चित्र वेगळं असतं. चौतीस वर्षांत माझ्या खोलीत कधी वायर निघाली नव्हती.

गुरुवार, ६ मार्च

आज खोली आवरायला घेतली. वाटलं, निघाली ती कुठली वायर एकदा बघावी तरी. पडद्यामागे गुडघ्यावर बसलो. मोठी जोडी, दोन्ही बाजू. खोकी, दोन्ही बाजू. अँप्लिफायरच्या मागे. बॅटरी मारून एकेक स्क्रू बघितला.

सगळ्यांवर लाल ठिपके. एकही फुटलेला नाही.

सोल्डरने मीटर लावून झाल्यावर शुक्रवारी दिलेले ठिपके ते. वायर निघाली असती तर ती परत आवळावी लागली असती आणि ठिपका फुटला असता. तिचाच नियम. ती खोटं बोलली. दहा वर्षांत ती एकदाही खोटं बोललेली नाही, गिऱ्हाइकाशीसुद्धा नाही. म्हणून तर तिला आम्ही काउंटरवर बसवत नाही.

मी तिथेच गालिच्यावर बसून राहिलो. पाय मुंग्या येऊन बधिर झाले. मग उठून ती रेकॉर्ड लावली. तबकडी फिरताना दिसत होती. पाऊण मिनिट मी घड्याळाकडे बघत बसलो. मग व्हायोलिन आलं, तेही भिंतीपलीकडून यावं तसं.

संध्याकाळी गॅलरीत गेलो. शेजारचा पिंजरा जागच्या जागी आहे. चार पक्षी. चोची उघडतायत आणि मिटतायत.

शुक्रवार, ७ मार्च

सोल्डरसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "ठिपके बघितले मी." तिने हातातलं काम खाली ठेवलं. माझ्यासमोर येऊन, तोंड दिसेल असं, एकेक शब्द सुटा करून बोलली. इतकी वर्षं ती माझ्याशी अशीच बोलते हे आज लक्षात आलं. मला वाटायचं बाई जरा मंद आहे.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तीन वर्षं तरी. मालकांनाही. थोरले मालक जाताना सांगून गेले, काकांना खुर्चीतून उठवायचं नाही."

माझं कार्ड तिच्याकडेच होतं. चार बरोबर. मी परत दिलं. मग तिने आणखी एक कार्ड काढलं, अक्षर ओळखीचं. दहापैकी नऊ. बायकोचं.

"सगळ्यांत जास्त त्यांचेच," सोल्डर म्हणाली. "दुसऱ्या कुणाचे सातच्या वर नाहीत."

"म्हणजे फरक आहे?"

"आहे काका. थोडासा आहे. ज्याला ऐकू येतो त्याला येतो."

फरक आहे. चौतीस वर्षं मी तो विकला, आणि आता तो आहे हे बायकोच्या कार्डावर वाचून मानायचं.

शनिवार, ८ मार्च

घरी हिला विचारलं, कसं ओळखलंस. समोर बसवून विचारलं. ती म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही बाहेर वाजवता, मी आत पोळीला..." पुढचं कळलं नाही, मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं, पुन्हा कळलं नाही. मग वाण्याच्या यादीच्या मागे लिहून दिलं: "फरक कळतो की. पण त्याचं करायचं काय? मी रेडिओ लावते तो घरात कुणीतरी बोलावं म्हणून."

यादीची दुसरी बाजू मी उगाचच वाचत बसलो. साखर, साबण, रेडिओचे सेल.

मंगळवार, ११ मार्च

आज मी पाठमोरा बसून मुद्दाम लक्ष ठेवलं. खिडकीच्या काचेत ती दिसत होती. तिने तोंड उघडलं, माझ्या दिशेने काहीतरी म्हणाली. मी वळलो. "काय म्हणालीस?"

"काही नाही."

हे दोन शब्द मला आवाज न ऐकताही कळतात. ओठ पाठ झालेत. दिवसातून किती वेळा म्हणत असेल ती हे, आणि किती वर्षं. त्या प्रत्येकाच्या आधी काहीतरी होतं. दुखणं असेल, गंमत असेल, शेजारणीची चुगली असेल. ते सगळं गेलं. मी तिला तोंडातल्या तोंडात बोलते म्हणून टोमणे मारत होतो. मला माझी लाज वाटते. तसं तिला सांगितलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि काहीतरी म्हणाली.

बुधवार, १९ मार्च

लेकीने वेळ घेतली होती. आधी कान तपासले. कागदावर रेघ निघाली, डावीकडे, खर्जाच्या बाजूला, बरी आणि उजवीकडे, वरच्या सुरांच्या बाजूला, जिन्यासारखी तळघरात उतरलेली. तपासणाऱ्या बाईंनी मोठ्याने सांगितलं की गेलेलं परत येत नाही, कानात घालायचं मशीन फक्त उरलेलं मोठं करतं.

मग मशीनचं दुकान. विकणारा तरुण, गोड बोलणारा, खर्जातला आवाज. तीन मशीन मांडली: साधं, मधलं, महाग. म्हणाला, "ऐकून बघा, घाई नाही. फरक सगळ्यांनाच कळतो असं नाही, पण तुम्हाला कळेल." हे माझं वाक्य आहे. शब्द न शब्द माझा. साधं घातलं, मग महाग घातलं. महाग घालताना त्याचं बोट समोरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोनदा वर सरकलं. मी बघितलं.

"जाणवतोय फरक?"

चौतीस वर्षं मी हा प्रश्न विचारला आणि सगळे हो म्हणाले. का म्हणायचे ते आज कळलं. विकणारा मान तिरकी करून उभा असतो, घरची माणसं तुमच्या तोंडाकडे बघत असतात, आणि तुम्ही आशेने आलेले असता. मी हो म्हटलं.

मधलं घेतलं. ते घालूनच बाहेर पडलो. कागदी पिशवी कानात जाळ पेटल्यासारखी वाजत होती, चपलांचे आवाज अंगावर येत होते. लेक गाडी आणायला गेली. मी आणि ही फुटपाथवर.

"येतंय का ऐकू?" ही म्हणाली.

प्रत्येक अक्षर सुटं, स्वच्छ. पण आवाज तिचा नव्हता. समोरच्या दुकानातल्या खोक्यातूनसुद्धा इतका पत्र्याचा येत नसेल. शब्द सगळे आले, ती आली नाही. खालच्या मजल्यावरून हाक मारणारा तो आवाज मी शेवटचा कधी ऐकला, ते आठवायला लागलो. आता घरी येऊन ही वहीही चाळली. पहिल्या पानाच्या आधीच तो गेलेला आहे. त्याची नोंद कुणीच ठेवली नाही.

"कसा येतो माझा आवाज?" तिने विचारलं.

"पहिल्यासारखा," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि गाडी आली का ते बघायला लागली. दहापैकी नऊ बरोबर आलेले कान आहेत तिचे. तिला कळलं असणार.